खालचा थर

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. घरच्या सर्व्हरमध्ये एक नवीन एनव्हीएमई डिस्क बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं, पंखा फिरायला लागला, दिवे लागले, आणि मशीन काही नेटवर्कवर येईना. पाच मिनिटं वाट बघितली, मग दहा. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "अगं, नेट गेलंय का?" आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की नेट गेलेलं नाहीये, पण घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना पत्ते शोधून देणारा डीएनएस मी याच मशीनवर एका व्हीएममध्ये, म्हणजे मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये, ठेवलाय, म्हणजे घरापुरतं तरी नेट गेलंच की.

शेवटी मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून आणला, जोडला, लॉगिन केलं. मशीन आतून ठणठणीत होतं. सगळ्या व्हीएम चालू, फक्त बाहेर पडायचा रस्ताच नाही. झालं असं होतं की नवीन डिस्क पीसीआय बसवर, म्हणजे कार्डं आणि डिस्क जोडायच्या मार्गावर, मध्येच येऊन बसली आणि पुढचे नंबर एकेक घर सरकले, त्यामुळे कालपर्यंत ईएनपी३एस० नाव असलेलं नेटवर्क कार्ड आज ईएनपी४एस० झालं, आणि ज्या ब्रिजवर, म्हणजे मशीनमधल्या आभासी स्विचवर, सगळ्या व्हीएम टांगलेल्या होत्या तो अजून तीन नंबरच्या कार्डाची वाट बघत बसलेला. एक साधी टेक्स्ट फाइल उघडली, तीनचा चार केला, नेटवर्क रीस्टार्ट केलं, आणि आतून बाबा म्हणाले, "आलं आलं!"

त्या रात्री झोपताना मी त्या फाइलचाच विचार करत होते. ती फाइल मला वाचता आली. तिच्यात काय लिहिलंय ते कळलं, कुठला आकडा चुकलाय ते दिसलं, आणि तो हाताने बदलता आला. घरच्या सर्व्हरला कुठलं व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनवर अनेक मशीन्स चालवणारं सॉफ्टवेअर, घेऊ, असं हल्ली मला ओळखीतले बरेच जण विचारतात आणि सोबत फीचर्सचा भला मोठा तक्ता पाठवतात, पण त्या तक्त्यात हा रकानाच नसतो. रात्री साडेअकराला काही बिघडलं तर मला आत डोकावता येईल का? आणि उद्या हे सगळं सोडून दुसरीकडे जायचं ठरवलं तर माझं सामान घेऊन बाहेर पडता येईल का? माझ्या मते निवड याच दोन प्रश्नांवर करावी, बाकीचं बहुतेक सगळं नंतर जमतं.

मुळात व्हर्च्युअलायझेशन कशाला, ते आधी सांगते. सुरुवातीला माझ्याकडे एक जुना डेस्कटॉप होता, त्यावर लिनक्स, आणि त्या एकाच लिनक्सवर फोटो सर्व्हर, डीएनएस, घरातल्या सेन्सरचं ऑटोमेशन, फाइल शेअरिंग, सगळं एकाच पोत्यात भरलेलं. फोटो सर्व्हरच्या नव्या व्हर्जनला एक नवी लायब्ररी हवी होती, ती टाकली, ऑटोमेशन बंद पडलं. ऑटोमेशन दुरुस्त केलं, तर फोटोंचा डेटाबेस उठेना. दोन रविवार त्यात गेले. एकाच छताखाली पण वेगवेगळ्या खोल्यांत सगळ्यांना ठेवायचं, एकाच्या पसाऱ्याचा दुसऱ्याला त्रास नको, आणि एखाद्या खोलीत प्रयोग फसला तर तेवढीच खोली कालच्यासारखी करून घ्यायची, एवढीच माझी गरज होती. आजही एवढीच आहे.

पहिला प्रयोग सगळे करतात तोच केला, रोजच्या डेस्कटॉपवरच व्हर्च्युअलबॉक्स टाकलं. शिकायला ते फार चांगलं आहे, आजही कोणी नवीन असेल तर मी तेच सांगते. पण त्याच्याखाली एक पूर्ण डेस्कटॉप ओएस असते जिला स्वतःचं आयुष्य असतं, ती रात्री अपडेट होते, रीस्टार्ट होते, झोपी जाते, आणि तिच्याबरोबर वरचं सगळं झोपतं. चोवीस तास चालणाऱ्या गोष्टी त्यावर ठेवून भागत नाही.

आता थोडा इतिहास, कारण तो माहीत झाल्यावर मला या सगळ्याकडे बघायची दृष्टीच वेगळी मिळाली. एका मशीनवर अनेक मशीन्स ही कल्पना आपल्या पीसीपेक्षा जुनी आहे, आयबीएमनं मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० जाहीर केलं ते १९७२ साली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी एक पेपर लिहून मशीन व्हर्च्युअलाइज करता येण्यासारखं कधी म्हणायचं याचा नियमच मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर, आतली ओएस जेव्हा जेव्हा खऱ्या हार्डवेअरच्या कारभारात हात घालायला जाईल तेव्हा तेव्हा प्रोसेसरनं तिला अडवून वरच्याला, म्हणजे या सगळ्या मशीन्स चालवणाऱ्या हायपरवायझरला, हाक मारली पाहिजे. मग हायपरवायझर काय ते बघून घेईल.

आपल्या घरातले एक्स८६ प्रोसेसर या नियमात बसत नव्हते. जुन्या पेंटियममध्ये अशा १७ सूचना मोजल्या गेल्या ज्या कारभारात हात घालतात पण हाक मारत नाहीत. त्यातली एक आहे पॉपएफ. ती फ्लॅग रजिस्टर बदलते, आणि त्यातला एक फ्लॅग इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणारे इशारे, चालू-बंद करायचा असतो. अधिकार असताना ती चालवली तर तो फ्लॅग बदलतो. अधिकार नसताना चालवली तर प्रोसेसर ना एरर देतो ना कोणाला हाक मारतो, तो फ्लॅग गुपचूप आहे तसाच ठेवतो आणि पुढच्या सूचनेकडे जातो. आतल्या ओएसला वाटतं इंटरप्ट बंद झाले. झालेले नसतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले होते, कारण कॉम्प्युटरमधला सगळ्यात वाईट बिघाड हाच, चूक झाली तरी कोणी काही बोलत नाही.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या व्हीएमवेअरनं यावर उपाय काढला, आतल्या ओएसचा कोड चालवता चालवता तपासायचा आणि अशा सूचना सापडल्या की तिथल्या तिथे बदलून टाकायच्या, १९९९ मध्ये त्यांचं वर्कस्टेशन आलं. केंब्रिज विद्यापीठात झेन नावाचा हायपरवायझर लिहिणाऱ्यांनी २००३ मध्ये दुसरा रस्ता धरला, आतल्या ओएसलाच सांगून टाकायचं की बाई तू खऱ्या मशीनवर नाहीयेस, तेव्हा काही हवं असेल तर सरळ माग. मग इंटेलनं २००५ मध्ये आणि एएमडीनं २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय केली, आणि ती सोय वापरणारा केव्हीएम हा हायपरवायझर २००७ च्या फेब्रुवारीत २.६.२० या व्हर्जनबरोबर थेट लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. आज घरगुती सर्व्हरवर आपण जे जे निवडतो ते याच तीन-चार घराण्यांतलं असतं.

ईएसएक्सआय, म्हणजे व्हीएमवेअरचा थेट मशीनवर बसणारा हायपरवायझर, मी खूप बारकाईने बघितलं होतं, कारण ऑफिसांत वर्षानुवर्षं तेच असायचं आणि ते शिकलं तर कामालाही उपयोग. नीटनेटकं आहे, स्थिर आहे, यात वादच नाही. पण ते ठरावीक हार्डवेअरच्या यादीवर चालतं आणि घरगुती मदरबोर्डवर सर्रास दिसणारी रिअलटेकची नेटवर्क चिप त्या यादीत नव्हती, वर २०२० मध्ये आलेल्या ७.० नं जुन्या लिनक्स ड्रायव्हरांचा थरच काढून टाकला, त्याबरोबर लोक जे जुगाड करायचे तेही गेले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला, कायमस्वरूपी लायसन्स बंद झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत ईएसएक्सआय बंद झालं आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आलं. कंपनीनं स्वतःच्या मालाचं काय करायचं तो तिचा हक्क आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण माझ्या घराच्या सगळ्यात खालच्या थराचं मोफत असणं किंवा नसणं दुसऱ्याच्या बैठकीत ठरणार असेल तर मला निवांत झोप लागणार नाही. मायक्रोसॉफ्टचं मोफत हायपर-व्ही सर्व्हरही २०१९ च्या आवृत्तीवरच थांबलं, पुढची आवृत्ती काढलीच नाही, विंडोज प्रोमध्ये मात्र हायपर-व्ही अजून मिळतं. मोफत मिळण्यापेक्षा, ज्याचा सोर्स उघडा आहे आणि उद्या मूळ लोकांनी सोडून दिलं तरी दुसरं कोणी उचलू शकेल, ते मला जास्त भरवशाचं वाटतं. एक्ससीपी-एनजी असंच उभं राहिलं, झेनसर्व्हरच्या मोफत आवृत्तीतून काही सोयी काढल्या गेल्या आणि २०१८ मध्ये लोकांनी त्याचा सोर्स घेऊन वेगळी चूल मांडली.

एक्ससीपी-एनजी मी दोन महिने चालवलंसुद्धा. चांगलं आहे ते, मनापासून सांगते, बऱ्याच मशीन्स असतील तर त्याचं झेन ऑर्केस्ट्रा नावाचं सगळ्या मशीन्स एकत्र सांभाळायचं टूल फार सोयीचं पडतं. पण माझ्याकडे एकच मशीन, आणि झेनच्या जगात खालचा हायपरवायझर वेगळा, त्याच्यावर कारभार बघणारं डॉम-झिरो नावाचं लिनक्स वेगळं, काही अडलं की ते नेमकं कुठल्या मजल्यावर अडलंय हे शोधण्यातच माझा वेळ जायचा. ज्यांना तो नकाशा पाठ आहे त्यांनी खुशाल वापरावं. मला पाठ नव्हता.

शेवटी प्रॉक्समॉक्सवर आले आणि तिथेच राहिले. व्हिएन्नातल्या कंपनीचं आहे, २००८ पासून आहे, खाली साधं डेबियन लिनक्स, त्यावर केव्हीएम, व्हीएमचं आभासी हार्डवेअर उभं करणारं क्यूएमू आणि एलएक्ससी कंटेनर (त्यांच्याबद्दल पुढे येईलच), आणि वर ८००६ पोर्टवर उघडणारं वेबपेज. लॉगिन केलं की सबस्क्रिप्शन नाहीये अशी एक खिडकी दर वेळी येते, ती बंद करायची आणि पुढे जायचं, सॉफ्टवेअर पूर्ण चालतं. फक्त अपडेटसाठी बिनसबस्क्रिप्शनवाली रिपॉझिटरी, म्हणजे अपडेट जिथून येतात ती जागा, आपण निवडायची असते, हे पहिल्या दिवशी करून टाका नाहीतर अपडेटला एरर येत राहतात.

मला त्यात आवडलेली गोष्ट कुठल्या जाहिरातीत सापडणार नाही. एक दिवस सहज टर्मिनलवर टॉप, म्हणजे चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड, चालवून बघितलं, आणि त्या यादीत बाकीच्या शंभर प्रोसेससारख्याच ओळीत माझी फोटोंची व्हीएम होती. एक प्रोसेस. तिला नंबर होता, ती किती मेमरी खातेय ते दिसत होतं, हवं तर तिला किल करता आलं असतं. ते अख्खं मशीन, त्याचा बायोस, त्याचं बूट होणं, त्यातला डेटाबेस, हे सगळं लिनक्सच्या नजरेत एक चालू असलेला प्रोग्राम आहे आणि त्याची डिस्क म्हणजे एखादी फाइल किंवा एक व्हॉल्यूम. लिनक्सची तोंडओळख मला होतीच, म्हणजे खालच्या थरात डोकावायला नवीन भाषा शिकायची गरज उरली नाही. नुसतं डेबियन टाकून त्यावर लिबव्हर्ट हे व्हीएम सांभाळायचं साधन चालवणाऱ्यांनाही हेच मिळतं आणि तो रस्ता मला तितकाच पटतो, फक्त बॅकअपची घडी स्वतः बसवावी लागते.

आत डोकावता येतं म्हणून आपोआप डोकावलं जातं असं मात्र नाही, आणि ते मला चांगलंच महागात पडलं.

बाबा दुपारचे जुने फोटो आणि आजीची पत्रं स्कॅन करतात. रोज वीस-पंचवीस. एक दिवस म्हणाले, "कालपासून एकही चढत नाहीये गं, मधेच अडकतंय." मी बघितलं तर त्या व्हीएमसमोर पिवळा त्रिकोण आणि आयओ एरर. आणि तिच्या शेजारच्या दोन व्हीएमसमोरही तेच! मला कळेना, कारण आदल्याच दिवशी मी त्या फोटोंच्या व्हीएममध्ये शिरून जागा बघितली होती, चांगली ७० जीबी मोकळी होती. मग खाली होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, येऊन डिस्कची जागा दाखवणारी एलव्हीएस ही कमांड चालवली आणि तिथे आकडा होता १००.०० टक्के, म्हणजे पूर्ण भरलेलं.

हा थिन पूलचा प्रकार आहे. प्रत्येक व्हीएमला आपण डिस्क देतो ती नुसती कबूल केलेली असते, प्रत्यक्ष जागा लिहिलं जाईल तशी पूलमधून उचलली जाते. माझा पूल ३५० जीबीचा होता आणि मी कबूल केलेल्या डिस्कांची बेरीज ६०० च्या वर. वर आतून फाइली डिलीट केल्या तरी खालच्या पूलला ते कोणी सांगत नव्हतं, कारण त्या डिस्कांचा डिस्कार्ड हा ऑप्शन मी चालूच केलेला नव्हता. आतल्या ओएसला वाटत होतं जागा आहे, खाली तर शून्य. पॉपएफचीच गोष्ट परत, माझ्या स्वतःच्या घरात, आणि या वेळी आकडा समोर होता पण मी खिडकी उघडून बघितलाच नव्हता.

जुने चार स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या जतन करून ठेवलेल्या जुन्या स्थिती, उडवले तेव्हा थोडी जागा झाली. मग प्रत्येक व्हीएम पूर्ण बंद करून डिस्कार्ड चालू केलं, परत चालू करून आत मोकळी झालेली जागा खाली कळवणारं एफएसट्रिम चालवलं, आणि एलव्हीएसचा आकडा ९४ वरून ७१, मग ५८ असा खाली उतरताना बघत बसले. आजीची पत्रं सगळी शाबूत होती. एका प्रयोगाच्या व्हीएमची फाइलसिस्टिम मात्र गेली, ती गेली तर गेली. आता पूल ८० टक्क्यांवर गेला की मला मेसेज येतो.

स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका हेही इथेच सांगून टाकते. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, त्याच पूलमध्ये असतो. डिस्क गेली की तोही गेला.

बाकीच्या गोष्टी भराभर. मेमरी आधी संपते, प्रोसेसर क्वचितच कमी पडतो, तेव्हा जास्तीच्या कोअरपेक्षा जास्तीची रॅम घ्या. फाइलसिस्टिम म्हणून झेडएफएस सुंदर आहे, डेटा खराब झाला तर तोंडावर सांगतं आणि मला तर तेच हवंय, पण त्याचा कॅश पूर्वी डीफॉल्टने होस्टची निम्मी रॅम घ्यायचा, प्रॉक्समॉक्सच्या ८.१ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये ती मर्यादा १० टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त १६ जीबीवर आणलीय. विंडोजची व्हीएम करताना इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, घाबरू नका, व्हर्टआयओ, म्हणजे व्हीएमच्या आभासी हार्डवेअरच्या, ड्रायव्हरची आयएसओ फाइल दुसऱ्या सीडीसारखी जोडा. ग्राफिक्स कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर थेट व्हीएमला द्यायचा असेल तर आयओएमएमयू ग्रुप, म्हणजे वेगळी करता न येणाऱ्या उपकरणांचे गट, आधी तपासा, कारण एका ग्रुपमधली सगळी मंडळी एकत्रच जातात आणि ते ग्रुप तुमचा मदरबोर्ड ठरवतो, सॉफ्टवेअर नाही.

कंटेनर की व्हीएम, यावर जरा थांबते, कारण लोक इथे घाईत ठरवतात. एलएक्ससी कंटेनर होस्टचाच कर्नल वापरतो, त्यामुळे हलका, दोन सेकंदांत उठतो, डीएनएससारख्या छोट्या कामाला उत्तम. पण साध्या म्हणजे अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरमधला रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, बाहेर होस्टवर १००००० नंबरचा युजर असतो. सुरक्षेसाठी हे फार चांगलंय, आतून कोणी निसटलाच तरी बाहेर तो कोणीच नसतो. पण होस्टवरचं एखादं फोल्डर आत जोडलं की सगळ्या फाइलींचा मालक नोबडी दिसायला लागतो आणि लिहिता काही येत नाही, आणि मग माणूस वैतागून कंटेनर प्रिव्हिलेज्ड, म्हणजे आतला रूट तोच बाहेरचा रूट असा, करून मोकळा होतो. तसं करू नका हो. नंबरांचा तो हिशोब एकदा कागदावर मांडा, फाइलींचे मालक एक लाखाने सरकवून बघा, कळतं. जे बाहेरच्या जगाला उघडं आहे ते मी तरीही पूर्ण व्हीएममध्येच ठेवते.

आता बाहेर पडण्याबद्दल. मी एकदा ठरवून बघितलं की उद्या प्रॉक्समॉक्स जगात नाहीच असं समजायचं, हातात फक्त बॅकअपची डिस्क आणि साधं लिनक्स टाकलेला एक लॅपटॉप. कंटेनरचे बॅकअप लगेच उघडले, ती नुसती टार फाइल असते, दाबून लहान केलेली. व्हीएमचे बॅकअप मात्र व्हीएमए नावाच्या त्यांच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असतात, टूल उघड्या सोर्सचं आहे पण दुसऱ्या साध्या लिनक्सवर ते आयतं नसतं, मला ते मिळवून चालवेपर्यंत अख्खी संध्याकाळ गेली. मग क्यूएमूनं ती डिस्क लॅपटॉपवर उठवली आणि फोटोंचं पान उघडलं. उघडलं खरं, पण त्या संध्याकाळी मी एक बदल केला. फोटो आणि पत्रं आता व्हीएमच्या डिस्कमध्ये राहत नाहीत, ती साध्या फोल्डरमध्ये साध्या जेपीजी फाइली म्हणून राहतात आणि तशीच दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री कॉपी होतात, व्हीएम फक्त ती दाखवते. व्हीएम गेली तर नवीन करता येते. आजीचं अक्षर पुन्हा कुठून आणणार.

आणि डीएनएस त्या रात्रीनंतर एका वेगळ्या छोट्या बोर्डवर नेला, सर्व्हर कितीही वेळा उघडला तरी बाबांचं नेट जात नाही.

गेल्या महिन्यात दादा आला होता. त्याला कॉम्प्युटरमध्ये फारसा रस नाही, आणि म्हणूनच मी त्याला बसवलं. सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय, कुठली डिस्क कुठे आहे, नेटवर्क कार्डाचं नाव आणि मॅक अ‍ॅड्रेस, बॅकअप कसा उघडायचा, सगळं क्रमानं. त्याला म्हटलं, "समज मी नाहीये, सर्व्हर बंद आहे, आणि बाबांना ती पत्रं हवीयत. हा कागद घे आणि लॅपटॉप घे."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मदत करायची नाही असं ठरवलं होतं. वीस मिनिटांनी त्यानं विचारलं, "माउंट म्हणजे काय करायचंय नक्की?" मी काही बोलले नाही. चाळीस मिनिटांनी बाबांना आत बोलावलं त्यानं, आणि मला बाहेरून बाबांचा आवाज ऐकू आला, ते १९६८ सालचं एक पत्र मोठ्यानं वाचत होते.

नंतर कागद काढून तिसरी आणि सातवी ओळ नव्यानं लिहिली. माउंट हा शब्द काढला, तिथे लिहिलं, डिस्क जोडल्यावर डावीकडच्या यादीत तिचं नाव येईल, त्यावर क्लिक कर.